आठ रेघांची बाटली

९ जानेवारी, मंगळवार

ही वही सिस्टरने दिली. म्हणाली, "आजी, लेकाला दिवसभरात किती पाणी दिलं ते रोज लिहायचं. आकडा लिहा, बस्स."

मी म्हटलं, "बाई, मी चौथीपर्यंत शिकले. तेही मास्तर कंटाळले म्हणून वर ढकलली."

"आकडे येतात ना? मग झालं."

आकडे येतात. अक्षरंही येतात, जरा दमानं येतात. पान एवढं मोठं आणि आकडा एवढासा. उरलेली जागा फुकट घालवायची मला सवय नाही, म्हणून खाली मी माझं लिहिणार. सिस्टरला वाचायला वेळ नाही आणि सूनबाईला माझं अक्षर लागत नाही. देवाने वाचलं तर वाचो. माझं तोंडी ऐकून त्याचे कान तसेही पिकलेत.

पाणी आठ रेघा.

१० जानेवारी

रेघांचं सांगायचं राहिलं. लेकाच्या दोन्ही किडन्या गेल्या त्याला दोन वर्षं होतील. मंगळवार, गुरुवार, शनिवार दवाखान्यात जायचं, खुर्चीत बसायचं, आणि चार तास मशीन त्याचं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालतं. लघवी म्हणून होत नाही, थेंबभर नाही. प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. आधी पाय सुजतात, मग ते छातीत चढतं. म्हणून दिवसाला आठशे मिली. चहा त्यातच, गोळी गिळायचा घोटही त्यातच. मी काचेच्या बाटलीवर सूनबाईच्या नेलपॉलिशने आठ रेघा ओढल्यात. सकाळी भरते, झोपताना रिकामी.

माणूस सुतार. अख्खं दार एकट्याने खांद्यावर घेऊन जिना चढायचा. आता बाटलीतलं पाणी एक रेघ उतरलं की दिवसाचे किती तास उरले ते बघतो.

माझी किडनी घेत नाहीत. वय आणि साखर. मी डॉक्टरला म्हटलं, "जुना माल पक्का असतो, बघा तर खरं." हसले आणि कागदावर काट मारली. सूनबाईची जुळली नाही. ती त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन म्हणाली कांदा चिरत होते. मोरीत!

तेव्हा आता यादी. कोणी माणूस जातो, घरचे हो म्हणतात, त्याची किडनी यादीतल्याला मिळते. फोन येतो. लेकाचा, सूनबाईचा आणि माझा, असे तीन नंबर दिलेत. उद्या येईल, नाहीतर चार वर्षांनी येईल. आला की उचलायचा आणि असेल तसं निघायचं. नाही उचलला तर पुढच्याला लावतात.

पाणी आठ.

१८ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या खुर्चीत एक शिवणवाली असते. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. सव्वीस वर्षांची, मागेपुढे कोणी नाही. एकटी येते, सुया काढल्या की हाताला पट्टी दाबून एकटीच जाते. जीभ मात्र माझ्यासारखी.

मी विचारलं, "तुझ्याबरोबर कोणीच येत नाही?"

"तुम्ही आहात की आजी. फुकटात."

"माझा लेक सोडून तुझ्याकडे बघायला मी काय रिकामी आहे?"

"मग मघापासून माझीच चादर का नीट करताय?"

चादर जमिनीला लागत होती, म्हणून. घाण मला बघवत नाही.

जाताना म्हणाली, "तुमचा देव सगळ्यांना लायनीत उभा करतो वाटतं."

मी म्हटलं, "करतो. आणि मधे घुसणारी माणसं त्याला खपत नाहीत."

पाणी साडेसात. अर्धी रेघ त्याने स्वतःहून ठेवली, सकाळच्या गोळीला.

२७ जानेवारी, शनिवार

लेकाच्या डाव्या हातात डॉक्टरांनी दोन नसा एकमेकींना जोडून दिल्यात, सुया टोचायला सोपं जावं म्हणून. सिस्टर म्हणाली रोज तिथे हात लावून बघा, गुरगुर लागली पाहिजे. इतके दिवस हे काम सूनबाई करायची. आज ती बाजारात गेली होती.

मी हात ठेवला. आत कोणी मांजर पाळलंय असं वाटलं. मग कान लावला.

लांब कुठेतरी गिरणी चालू असावी तसा आवाज. थांबतच नाही. लेक म्हणाला, "काय आई, रेडिओ लागला का?" मी म्हटलं, "गप." कान काढवेना. नऊ महिने हा माझ्या आत होता तेव्हा त्याच्या आत काय चाललंय ते मला कधी ऐकू आलं नाही. ते आज ऐकलं, बेचाळीस वर्षांनी. कोणी चालू केलं हे? आणि रोज न विसरता कोण चालवतंय?

मला प्रार्थनेत असं होत नाही. प्रार्थनेत मला पाठ दुखते तेवढं कळतं.

पाणी आठ.

४ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या दारात टोपली घेऊन मी उभी असते. आत जाणाऱ्याने फोनचा आवाज बंद करून टोपलीत टाकायचा, उपासना संपली की न्यायचा. हा नियम मीच करायला लावला. मागे एकदा प्रभुभोजनाच्या वेळी कोणाच्या तरी खिशात सिनेमाचं गाणं वाजलं होतं. तेव्हापासून टोपली. पाळकसाहेबांचा फोनसुद्धा मी सोडत नाही. नात म्हणते, "आजी, तू दारात असलीस की सैतानसुद्धा फोन काढून देईल."

आज पाळकसाहेबांनी लेकाचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली, "हे प्रभू, तुझ्या या लेकराला लवकरात लवकर किडनी मिळो..."

मी उठून उभी राहिले. "साहेब, थांबा. म्हणजे कोणीतरी लवकरात लवकर मरो?"

सूनबाईने माझा पदर खाली ओढला.

पाळकसाहेब डोळे उघडून म्हणाले, "मग काय मागू, आजी?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि बसले. दोन वर्षं मी स्वतः रोज तेच मागत होते. दुसऱ्याच्या तोंडून मोठ्याने ऐकलं तेव्हा कळलं.

८ फेब्रुवारी

विचार केला. भांडी घासताना केला, कपडे पिळताना केला. असं मागायचं. ज्या घरी तो दिवस येणारच असेल, तिथल्या आईचा हात त्या वेळी तू धर, आणि तिच्या तोंडून हो निघू दे.

पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "थांबा आजी, लिहून घेतो. रविवारी सगळे मिळून हेच म्हणू."

त्या बाईला मी ओळखत नाही. आता ती कुठेतरी स्वयंपाक करत असेल, मुलावर ओरडत असेल. तिला काही ठाऊक नाही. मला मात्र ती सारखी दिसते.

पाणी आठ.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चक्कर आली आणि ओट्याला टेकून खाली बसले. लेकाला दवाखान्यात घेऊन गेलोच होतो म्हणून सूनबाईने तिथल्या डॉक्टरला माझाही हात दाखवला. तो म्हणाला, अंगात पाणी कमी आहे, किती पिता? मी म्हटलं पुरेसं. या वयात तहान लागत नाही, त्याला मी काय करू. नात मधेच बोलली, "आजी बाबांच्या बाटलीकडे बघून पिते. ती उतरली की मगच." पोरीला नसत्या चौकशा. एकदा रेघा डोळ्यांत बसल्या की दुसरं माप सुचत नाही, एवढंच.

शिवणवालीला आज मशीनवरच थंडी वाजून आली. दात वाजत होते. सिस्टर धावपळीत. मी माझी शाल घातली आणि पाय चोळले. पाय इतके बारीक की हातात धरायला भीती वाटली. डोळे मिटून म्हणाली, "आजी, कंटाळा आला हो." एवढंच. जीभ नाही, टोमणा नाही.

घरी येऊन प्रार्थना केली ती जशीच्या तशी लिहिते, नंतर तू नाही म्हणू नयेस म्हणून. देवा, माझ्या लेकाचं बघ. पण तिला कोणी नाही, तिचंही बघ. तिचं आधी बघितलंस तरी मी काही बोलणार नाही.

बोलेन. पण तू बघ.

पाणी आठ.

१० मार्च, रविवार

काय लिहू.

आज लेकासाठी खास उपासप्रार्थना ठेवली होती. मीच मागे लागून ठेवायला लावली. दारात पाळकसाहेब लेकाला म्हणाले, "तुझा फोन ठेव जवळ, तुझं वेगळं आहे." लेकानेही खिशात ठेवायला घेतला. मी टोपली त्याच्यापुढे धरली. म्हटलं, "देवासमोर सगळे सारखे. आपल्यालाच सूट दिली तर लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?" त्याने टाकला. सूनबाईने टाकला. मग मी माझा टाकला. आवाज बंद केले ते मी माझ्या हाताने.

सगळी मंडळी गुडघ्यावर होती. अकरा वाजून गेले, बारा वाजत आले. मला वाटलं आज काहीतरी होतंय. अंगावर काटा आला होता. आज देव जवळ आलाय असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा.

बाहेर आलो. सूनबाईने फोन उचलला आणि भिंतीला टेकली. तिच्या फोनवर तीन, लेकाच्या फोनवर चार, माझ्यावर दोन. सगळे दवाखान्याचे. टोपली माझ्या खुर्चीखालीच होती. माझ्या पायाशी ते तीन फोन एकामागून एक थरथरत होते, आणि मी वर तोंड करून मागत होते.

लावला. तिकडचा माणूस म्हणाला, अर्धा तास वाट बघितली, पुढच्या रुग्णाला कळवलंय, ते निघालेत.

लेक टोपलीकडे बघत उभा राहिला. मग मला म्हणाला, "चल आई, ऊन लागतंय."

पाणी लिहायचं विसरले. काय दिलं आठवत नाही.

१२ मार्च, मंगळवार

सूनबाई बोलत नाही. ताट ठेवते, उचलते. बरोबर आहे तिचं. मी असते तर ताट फेकून मारलं असतं.

लेकाला म्हटलं, "मला शिव्या दे." म्हणाला, "पाठ नाहीत गं. तूच कधी शिकवल्या नाहीस, सगळ्या स्वतःकडेच ठेवल्यास." मग तोंड भिंतीकडे करून झोपला. झोपला नव्हता, पाठीवरून कळतं.

दवाखान्यात शेजारची खुर्ची रिकामी. सिस्टरला विचारलं. म्हणाली, "दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही, आजी." खाली बघून म्हणाली.

पाणी आठ.

१६ मार्च, शनिवार

खुर्चीत आज दुसराच माणूस. एक निवृत्त पोस्टमन.

म्हणजे गेली ती. गेल्या महिन्यात कशी थरथरत होती. माझी शाल तिच्याकडेच राहिली.

देवा, एकाचंही बघितलं नाहीस. दोन नावं दिली होती.

पाणी आठ.

३१ मार्च, रविवार

तीन रविवार चर्चला गेले नाही. पाळकसाहेब घरी आले. मी म्हटलं, "टोपली दुसऱ्या कोणाला द्या." म्हणाले, "टोपलीचं नाही विचारायला आलो. प्रार्थना करता का?"

"नाही. त्याने एकदा दिलं होतं. मीच आवाज बंद केला. आता कुठल्या तोंडाने मागू?"

मला वाटलं शास्त्रातलं काही सांगतील. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मग तुम्ही नका मागू. तुमच्या वाटचं आम्ही मागतो. तुम्ही बाटली भरत राहा."

बाटली तर भरतेच आहे. ती न भरून कसं चालेल?

सूनबाई त्यांना पोचवून आली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आई, मीही फोन टाकलाच ना. मला कोणी बांधून ठेवलं होतं?" एकवीस दिवसांनी बोलली. मग दोघी मिळून लसूण सोलत बसलो. गरजेपेक्षा खूप सोलला.

पाणी आठ.

२३ एप्रिल, मंगळवार

लेक परत हत्यारं घेऊन बसतो, खुर्ची नसेल त्या दिवशी तासभर. लाकडाचा एक ठोकळा घेतलाय, त्यात खाच पाडतोय. कशाला म्हटलं तर सांगत नाही. भुसा माझ्या बिछान्यापर्यंत येतो.

सकाळी बाटली भरताना तोंडातून आपोआप निघालं, "त्या आईचा हात धर." कुठल्या आईचा? तिचं मूल तर गेलंच असेल, मार्चमधल्या त्या रविवारी. मी पायाशी टोपली घेऊन बसले होते तेव्हा ती कुठेतरी हो म्हणत होती. तिचं हो कोणाच्या अंगात गेलं कोण जाणे. तेव्हा तिच्यासाठी मागायला मी काही लाजायचं कारण नाही. बाकी काही मागितलं नाही.

पाणी आठ.

१८ मे, शनिवार

आज सगळं नीट लिहिते.

लेक मशीनवर. दोन तास झाले होते. दार उघडून कोणीतरी आत आलं, तोंडाला मास्क, अंगावर माझी शाल. मी म्हटलं ही शाल कोणी चोरली?

"आजी, धुऊन आणलीय. ओरडू नका."

पोस्टमनच्या खुर्चीचा दांडा धरला.

चालत आली होती. गाल भरलेले. तपासणीला आली होती, तिथून जिना चढून वर. सिस्टर दारातूनच ओरडली, "आत येऊ नकोस, लांबूनच बोल," म्हणून उंबऱ्याशी उभी राहिली. "दोन महिने डॉक्टरांनी कोंडून ठेवलं हो, आधी इथेच दोन मजले खाली काचेच्या खोलीत, मग घरी. नाहीतर आधीच आले असते."

लेकाने विचारलं, "कधी झालं?"

"मार्चमध्ये, दहा तारखेला. रविवार होता, कारखाना बंद. बारा वाजता फोन. माझा विश्वासच बसेना. मी यादीत दुसरी होते म्हणे. वरच्याने फोनच उचलला नाही." मग हळू आवाजात, "कोण असेल हो बिचारा? सारखा मनात येतो."

सूनबाईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला ठाऊक नाही.

लेक माझ्याकडे न बघता म्हणाला, "झोपला असेल. रविवारी माणसं झोपतात. तू नको मनाला लावून घेऊस. त्याचा नंबर लागेल परत."

एवढं बोलून त्याने मान मागे टेकली. चेहरा असा काही झाला होता की मी त्याला जन्म दिलाय यावर माझा विश्वास बसेना.

तेवढ्यात तिच्या पिशवीत घड्याळ वाजलं. ती ओशाळली. म्हणाली, "पाण्याची वेळ. दिवसाला तीन लिटर सांगितलंय. बाहेर जाऊन पिते."

खोलीत आठ खुर्च्या. आठही माणसं वर्षानुवर्षं घोट मोजणारी.

लेक म्हणाला, "बाहेर नको. इथेच पी. बघू दे."

पोस्टमन म्हणाला, "हो पोरी. समोर पी."

तिने मास्क खाली केला. मोठी बाटली काढली, रेघा नसलेली. आणि प्यायली. थांबली नाही. घशातून उतरणारं पाणी दिसत होतं. खोलीत मशीनच्या आवाजाशिवाय काही नाही. आठ माणसं आणि सिस्टर आणि आम्ही दोघी, कोणाची पापणी हलली नाही. मी चर्चमध्ये इतकी वर्षं गेले. अशी शांतता मी ऐकली नव्हती. चप्पल काढून ठेवावी असं वाटलं.

बाटली संपली. तिने तोंड पुसलं.

पोस्टमनने विचारलं, "आणि... होते का?"

"होते की काका! दर दोन तासांनी. कारखान्यातली सुपरवायझर वैतागणार आहे."

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळी खोली हसली. सिस्टर हसता हसता डोळे पुसत होती. लेक इतका हसला की मशीन ओरडायला लागलं.

मी हसले नाही. मला वहीतली तारीख बघायची होती.

घरी येऊन ही वही मागे उलटली. चोवीस फेब्रुवारी. माझंच अक्षर. तिचं आधी बघितलंस तरी मी काही बोलणार नाही. सोळा मार्चला मी लिहिलंय दोन नावं दिली होती, एकाचंही बघितलं नाहीस. तेव्हा ती दोन मजले खाली, काचेच्या खोलीत, माझी शाल उशाशी घेऊन पडलेली होती.

मला हे समजत नाही. ज्या घरात रडणं झालं ते घर, माझा आडमुठेपणा, ती टोपली, ती पोरगी. असं कसं जोडलंस? आणि माझ्या लेकाला का ठेवलंस बाहेर? तू चुकलास असंही म्हणवत नाही आणि बरोबर केलंस असंही माझ्याने म्हणवत नाही. पण मी पाणी उतरताना पाहिलंय. आता कोणी मला सांगू नये की तू ऐकत नाहीस.

संध्याकाळी लेकाने तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. "हा संपव."

"मला तहान नाही."

"आई, दोन वर्षं मी गप्प बसलो. तू माझ्या वाटचं तहानलीस म्हणून माझी एक रेघसुद्धा वाढली नाही. पी. मला बघायला आवडतं, आज कळलं."

काहीही बोलतो. पण संपवला तांब्या. तो शेवटपर्यंत बघत होता.

पाणी त्याचं आठ. माझं मोजलं नाही.

१९ मे, रविवार

चर्चला गेले. दारात टोपली घेऊन उभी राहिले. पाळकसाहेबांचा फोन घेतला, शेजारणीचा घेतला, कोणालाही सोडलं नाही.

लेक आला. त्याने तो ठोकळा आणला होता, घासून गुळगुळीत केलेला, वर खाच. मला म्हणाला, "परवानगी आहे का, आजीबाई?" पुढे जाऊन प्रभुभोजनाच्या टेबलाशेजारी ठेवला आणि खाचेत फोन उभा केला. आवाज मी वाढवून दिला, जेवढा वाढतो तेवढा.

पाळकसाहेब म्हणाले, "आजी, आज प्रार्थना तुम्ही सुरू करा."

मी म्हटलं, "त्या आईचा हात धर." पुढचं सगळ्यांनी मिळून म्हटलं.

मधेच फोन वाजला. अख्खी मंडळी गुडघ्यावरून उठली. सूनबाई धावली. चादरींचा सेल लागलाय म्हणे. पाळकसाहेबांसकट सगळे हसले आणि पुन्हा गुडघ्यावर गेले.

नंतर नाही वाजला.

पुढच्या रविवारी साडेनऊला टोपली घेऊन दारात. ठोकळा तिथेच ठेवून आलोय.

पाणी आठ.